अक्कलकुव्याचा कडीवाला रुपया

निहार, ईरा,

नंदुरबार जिल्हा नकाशात सापडत नसेल तर महाराष्ट्राच्या वायव्य टोकावर बोट ठेवा. वरच्या बाजूला सातपुडा, मधून तापी आणि डावीकडे लगेच गुजरात. तुमचे आजोबा तिकडचे, शहाद्याजवळचे. मी लग्नानंतर तिथे सणावारापुरती जात राहिले. या वेळी सण नसताना गेले, होळीला तीन आठवडे असताना, एकटीने, आणि एकाच कामासाठी गेले. काम काय होतं ते निहारला माहीत आहे. ईरासाठी सांगते.

निहारच्या शाळेत नाणी जमवणाऱ्या मुलांचं एक मंडळ आहे. त्याच्याकडे लाकडी पेटी आहे आणि तिच्यात चांदीच्या रुपयांसाठी चार खळगे आहेत, इंग्रजांच्या काळातल्या एका राणीचा आणि तीन राजांचा एकेक. तीन भरले होते. चौथा, सातव्या एडवर्डचा, रिकामा होता. मुकुट न घातलेला, टक्कल पडलेला दाढीवाला राजा तो. गेल्या वर्षी मी एका प्रदर्शनात तसा रुपया घेतला आणि पाठवला. निहारने तो मंडळात नेला. तिथल्या काकांनी जवळ एक छोटं चुंबक धरलं, तर राजा टुणकन उडून चुंबकाला चिकटला. लोखंडाचा होता. मुलं हसली. निहारने मला हे फोनवर सांगितलं, स्वतःही हसत सांगितलं, आणि त्यानंतर चार महिने नाण्यांचा विषय काढला नाही. मी काढला तर "राहू दे ना आजी" म्हणाला.

म्हणून हा प्रवास. तुमच्या आत्याआजीने, म्हणजे शहाद्याच्या सुमनने, बोलता बोलता सांगितलं होतं की त्या भागात चांदीचे जुने रुपये अजून सराफांकडे येतात आणि शहरापेक्षा स्वस्त मिळतात. डोंगरातल्या बायका ते गळ्यात घालतात. मी एकोणतीस वर्षं कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली आहे. एकदा फसले होते, पुन्हा फसायचं नव्हतं. पिशवीत भिंग, चुंबक, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा, रिळाचा दोरा आणि वही घेतली. सोन्याच्या बांगड्या कपाटात ठेवल्या आणि प्रवासासाठीच्या घातल्या.

सोमवार, नंदुरबार

या गावात शिरताना डोळ्यांआधी नाकाला कळतं. गावाबाहेर मोकळ्या शेतांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात, एक-दोन सुपं नव्हे, तर नजर जाईल तिथवर, जमिनीवर लाल जाजम अंथरावं तशा. बायका तोंडाला फडकी बांधून त्या उलथत होत्या. आम्ही सगळे प्रवासी ठसकलो, फक्त कंडक्टर ठसकला नाही. मला पहिला संशय तिथेच आला, की हा माणूस श्वास घेतो की नाही.

सराफ बाजारात मी आधी नुसती एक फेरी मारली, काही न विचारता. चार दुकानांत दागिने होते. पाचव्यात काचेच्या कपाटात मखमलीवर नाणी मांडलेली होती आणि आत गारेगार यंत्र चालू होतं. शेठ चाळिशीचे, चष्म्याची दोरी गळ्यात.

"या मावशी. जुन्यात बघायचं की सजावटीत?"

"जुन्यात. पण मुकुट नसलेला राजा हवा आहे."

"बरोब्बर चीज मागितली तुम्ही." त्यांनी खणातून एक पुडी काढली. "वर डोंगरात धडगावकडच्या एका घरातली माळ सुटली. म्हातारीच्या गळ्यातली. त्यातला हा एकच टकल्या होता. बाकी राणी."

रुपया सुंदर होता. राजाचा चेहरा छान झिजून मऊ झालेला, कानाचा आकार मात्र शाबूत. कुठे ओरखडा नाही, छिद्र नाही. मी चुंबक लावलं, चिकटलं नाही. शेठ हसून म्हणाले, "मावशी, पोलिसात होता का?" मी काटा काढला. अकरा ग्रॅम सहासष्ट, जसा हवा तसा. आता माझा संशय कमी व्हायला हवा होता, पण तो वाढला. सगळंच बरोबर कसं?

"किंमत?"

त्यांनी त्या दिवशीच्या चांदीच्या भावाच्या दुप्पट सांगितली. मी पिशवी उचलली. दारापर्यंत जाईतो दीडपट झाली, आणि मी चप्पल घातली तेव्हा सव्वापट.

"इतकं खाली कसं उतरता?" मी विचारलं.

"सकाळचं गिऱ्हाईक आहे, भवानी आहे. नाही म्हणवत नाही."

सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि माझ्यासमोर दोन गिऱ्हाइकं माल घेऊन गेली होती. तरीही मी रुपया घेतला. मला वाटलं, भवानीबद्दल खोटं बोलणारा माणूस चांदीबद्दल खरं बोलत असेलही. शिवाय काटा माझा होता. बाजारभावाचा विचार केला तर स्वस्तच पडला होता, आणि स्वस्त मिळालं की माणसाचं डोकं जरा हलकं होतं. शेजारच्या दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारे सराफ बसले होते. त्यांना मी मुद्दाम रुपया दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, परत दिला आणि म्हणाले, "ऊन लई वाढलं यंदा." एवढंच. मी ते वहीत लिहिलं: काहीतरी लपवत आहेत.

मंगळवार, शहादा आणि प्रकाशा

सुमनचं घर गावाच्या कडेला आहे, मागे केळीची बाग. तिने मला बघताच विचारलं, "वहिनी, जेवाले काय करू?" आणि उत्तराची वाट न बघता कळण्याची भाकरी थापायला घेतली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी रंगाने काळपट असते. तुम्हाला ती जळलेली वाटेल. तशी ती नसते. सोबत वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आपल्याकडे नाशिकला ठेचा चवीपुरता घेतात, इथे भाजीसारखा वाढतात. मी चमच्याचं टोक बुडवलं तर सुमन म्हणाली, "तपासी ऱ्हायनात का खाई ऱ्हायनात?"

जेवण झाल्यावर मी खरी तपासणी केली. चांदी ओळखायची एक खात्रीची रीत आहे. नाणं आधी हवेत तोलायचं. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात ते दोऱ्याने अधांतरी टांगायचं आणि काटा किती वाढला ते बघायचं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की धातू आपलं नाव सांगतो. मी नाणं टांगलं, दोऱ्याचं दुसरं टोक फळीच्या खिळ्याला बांधलं आणि चष्मा आणायला खोलीत गेले. परत येते तो सुमनने ग्लास उचलून अर्धा रिकामा केला होता आणि राजा तिच्या ओठापाशी लोंबकळत होता.

"माले काय ठाऊक, पानीमा रुपया शे म्हनीसन," ती म्हणाली. उरलेलं पाणी तिने तुळशीला घातलं, कारण चांदीचं पाणी वाया घालवायचं नसतं.

दुसऱ्या ग्लासात तपासणी झाली. भागाकार सव्वादहाच्या किंचित वर आला. पितळ नाही, जर्मन सिल्व्हर नाही, चांदी. त्या काळच्या रुपयात होती तशीच मिश्र चांदी. मी वहीत उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मला बरं वाटायला हवं होतं. सुमन माझ्याकडे बघत होती.

"आते काय व्हयनं? खरा शे ना?"

"चांदी खरी आहे."

"मंग?"

"त्याने भाव इतका का पाडला?"

"तुम्हना संशय तं देवलेबी सोडत नही," ती म्हणाली आणि दुपारी मला देवाकडेच घेऊन गेली.

प्रकाशा जवळच आहे, तापीच्या काठी. घाटावर पाणी संथ, रुंद आणि मातकट हिरवं होतं. लोक दर्शन करून नदीत नाणी टाकत होते, आणि थोडं पुढे एक माणूस दोरीला बांधलेलं जाडजूड चुंबक पाण्यात फेकून तीच नाणी ओढून काढत होता. मला तो या जिल्ह्यातला पहिला सरळ माणूस वाटला, कारण तो काय करतो ते सगळ्यांना दिसत होतं. पायऱ्यांवर एक बाई रुद्राक्षांबरोबर "कंपनीच्या जमान्याची" नाणी विकत होती. एका बाजूला इंग्रजी अक्षरं, दुसऱ्या बाजूला रामदरबार. अशी नाणी कोणत्याही सरकारने कधी पाडली नाहीत. मी तिला तसं सांगितलं.

"मग घेऊ नको माय," ती शांतपणे म्हणाली. "घेणारे देवघरात ठेवतात. तिथं कोण तपासतं?"

मी नाणं परत ठेवलं. सुमनने मात्र तिच्याकडून एक घेतलं. मला चिडवायला घेतलं की देवघरासाठी, ते अजून कळलेलं नाही.

बुधवार, अक्कलकुवा

परत निघायचं सोडून मी अक्कलकुव्याला का गेले? कारण नंदुरबारचा तो रुपया माझ्या पाकिटात स्वस्थ बसत नव्हता. शेठ म्हणाले होते तो डोंगरातल्या माळेतून आला. तर मग डोंगरातल्या माळा जिथे येतात तिथे जाऊन एकदा ताडून बघावं. सुमनच्या शेतावर येणाऱ्या एका बाईने सांगितलं होतं, अक्कलकुव्याला जसुबेनकडे जा, वरच्या गावांच्या बायका तिच्याकडेच बसतात.

तळोद्याच्या पुढे रस्त्याच्या उजव्या हाताला डोंगर जवळ येत जातो. पळस फुलायला लागला होता. गावात त्या दिवशी बाजार होता, आणि होळीच्या आधीचा असल्याने गर्दी दाट होती. वरच्या काठी गावच्या राजवाडी होळीला लोक किती लांबून चालत जातात हे तुम्हाला मागे सांगितलं आहे. त्या होळीची तयारी या बाजारात दिसते: घुंगरं, रंगीत पागोटी, आरसे, आणि चांदी.

जसुबेनचं दुकान एका खोलीचं आहे. काचेचं कपाट नाही. त्या साठीच्या, पांढऱ्या साडीत, गादीवर बसलेल्या. नवऱ्यामागे त्यांनी दुकान चालवलं असं कळलं. समोर ओट्यावर कारागीर नळीने ज्योत फुंकत होता. त्याच्या पुढ्यात एक रुपया होता आणि तो रुपयाच्या कडेवर चांदीची बारीक कडी डाखत होता, म्हणजे वितळवून चिकटवत होता. त्या कडीतून दोरा ओवून माळ होते. आत चार-पाच बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आपापल्या माळा मांडीवर घेऊन. कुणाच्या कड्या तुटल्या होत्या, कुणाचे रुपये हरवले होते. होळीच्या आधी सगळं जागच्या जागी हवं.

मी भिंग, चुंबक आणि काटा काढून ठेवला. जसुबेनने तिन्हीकडे बघितलं.

"बसा बेन. सुई टोचायला आलात की तपासायला?"

बायका हसल्या. मी सांगितलं, मला जुना रुपया हवा आहे, मुकुट नसलेल्या राजाचा, पण स्वच्छ. कडी डाखलेला नको, डाग नको.

"बिनाकडीचा?" जसुबेन म्हणाल्या. "बिनाकडीचा रुपया माझ्याकडे कशाला येणार? तो शहरात तिजोरीत बसतो."

मग मी नंदुरबारचा रुपया त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, हा खरा आहे का. त्यांनी तो बघितला आणि त्या ओट्यावरच्या म्हाताऱ्या सराफांनी केलं तसंच केलं. उलटा केला आणि परत दिला.

"दुसऱ्याच्या मालावर मी बोलत नाय, बेन. आमच्यात तशी रीत नाय. आज मी त्याच्या मालावर बोलेन, उद्या तो माझ्या."

ही रीत मला अजिबात आवडली नाही. प्रयोगशाळेत कुणी चुकीचा आकडा लिहिला तर शेजारच्या टेबलावरचा सांगतो. इथे सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं आणि गिऱ्हाइकाने फसायचं. मी तसं बोलून दाखवलं, जरा आवाज चढवूनच.

तेव्हा भिंतीला टेकलेल्या बायकांपैकी एकीने हात पुढे केला. माझ्याच वयाची असेल, सुकलेली, ताठ बसलेली. तिचं नाव रुमलीबाई. वरच्या बाजूच्या एका पाड्यावरची. तिकडे घरी त्यांची वेगळी भाषा असते; मराठी ती बाजारापुरती बोलत होती आणि सगळ्यांना, जसुबेनलाही, एकेरीच हाक मारत होती.

"दे. मी नाही सराफ. मी बोलते."

तिने रुपयाच्या चेहऱ्याकडे बघितलंही नाही. अंगठा कडेवरून फिरवला, एकदा पूर्ण गोल.

"हा कुणाच्या गळ्यात नव्हता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कुठं आहे कडी? कडी काढली तरी गाठ राहते. आंधळ्याला कळेल." तिने रुपया माझ्या तळहातावर ठेवला आणि माझाच अंगठा धरून त्याच्या कडेवरून फिरवला. "आणि हे बघ, टोचते. दाते नवे. तोंड घासलेलं, कड नवी. माळेत रुपयाला रुपया लागतो. आधी कड झिजते, मग तोंड."

मी भिंग लावलं. कडेचे दाते करवतीसारखे उभे होते, एकही बसलेला नव्हता. माझ्या काट्याने वजन बघितलं होतं, पाण्याने धातू बघितला होता, आणि दोन्ही उत्तरं खरी होती. चांदी खरीच होती. तिच्यावर राजा मात्र अलीकडेच कुणीतरी ठोकला होता आणि मग त्याचं तोंड घासून म्हातारं केलं होतं. तपासायची जागा मी चुकले होते. डागच नको म्हणून शोधत होते आणि माळेतला रुपया ओळखायचा तर डागावरूनच.

हे कळल्यावर मी तिचे आभार मानायला हवे होते. मी काय केलं ते सांगते. माझ्या मनात आलं, या दोघींचं संगनमत तर नाही? एकीने गप्प बसायचं, दुसरीने नाव ठेवायचं, आणि मग खणातून स्वतःचा माल काढायचा. म्हणून मी भिंग घेऊन रुमलीबाईच्या मांडीवरच्या माळेकडे वाकले, तिचे रुपये बघायला. तिने झटकन पदर त्यावर ओढला.

"घ्यायला आली का?"

"नाही, नाही. बघत होते."

"असंच म्हणतात. होळीच्या आधी येतात गाडीवाले. भिंग असंच असतं. बघतो, बघतो, मग म्हणतात एवढे घे, माळ दे." ती जसुबेनकडे वळली. "ही त्यांची आहे का?"

"मला काय ठाऊक," जसुबेन म्हणाल्या. "मी दुसऱ्याच्या माणसावर पण बोलत नाय."

पुन्हा सगळ्या हसल्या. मी भिंग रुमलीबाईपुढे धरलं. म्हटलं, हे तुम्ही ठेवा, मी हात लावत नाही. तिने भिंग घेतलं, उलटसुलट केलं, आणि मग माझं मनगट धरून माझ्या बांगड्यांवर लावलं. बराच वेळ बघत होती. नखाने एकदा वाजवलं.

"हे सोनं नाही."

प्रवासात खऱ्या बांगड्या घालायच्या नाहीत हा माझा नियम. तो मी तिला समजावून सांगितला. ती ऐकून घेत होती.

"तुझ्या हातात खोटं," ती म्हणाली, "आणि दुकानात येऊन खरं मागते."

हे ती रागाने म्हणाली नाही. म्हणूनच लागलं.

तेवढ्यात तिची पाळी आली. जसुबेनने मागून एक पत्र्याचा डबा काढला. तुटलेल्या माळांमधले, कुणी विकलेले, कुणी बदललेले सुटे रुपये त्यात असतात. होळी होईपर्यंत या डब्यावर पहिला हक्क माळ भरायला आलेल्या बायकांचा. त्यांनी निवडून झाल्यावर उरेल ते बाहेरच्या गिऱ्हाइकाला, चांदीच्या भावात, वर काही नाही. कडीचे असल्याने शहरातले शौकीन त्यांना विचारत नाहीत. स्वस्त माल म्हणतात तो हा, आणि तो मला या डब्यापर्यंत येईतो कुणी दाखवला नव्हता.

जसुबेनने रुपये गादीवर ओतले. आठ होते. सात राणीचे. आठवा मुकुट नसलेल्या राजाचा. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

रुमलीबाईच्या माळेत एक जागा रिकामी होती. तिच्या सुनेने माळ पहिल्यांदाच घालायची होती या होळीला, आणि रिकामी जागा दिसली तर दोन्हीकडचे लोक बोलले असते. ती घाईत नव्हती. एकेक रुपया काळ्या दगडावर टाकून वाजवत होती, कान तिरका करून. पहिला बाजूला ठेवला. दुसरा. चौथा तिने दोनदा वाजवला आणि परत ठेवला. मग राजाचा उचलला. कडेवर अंगठा फिरवला. वाजवला. आवाज लांबत गेला, स्वच्छ, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"त्याला भेग आहे," मी म्हणाले.

भेग नव्हती. मला भेग दिसली नव्हती. मी ते वाक्य बोलले तेव्हा मला पक्कं माहीत होतं की ते खोटं आहे.

रुमलीबाईने माझ्याकडे बघितलं, मग रुपयाकडे. पुन्हा एकदा दगडावर टाकला, आता माझ्या कानाजवळ वाकून.

"भेग असती तर असा बोलला नसता," ती म्हणाली. आणि मग, रुपया मुठीत घेत, "तुला पाहिजे तर पाहिजे म्हण ना."

मी म्हणाले, "मला पाहिजे. नातवासाठी. तो लांब असतो."

"मग राणी का नाही नेत?"

"त्याच्याकडे राणी आहे. हाच नाही."

तिने राजाला उलटा केला, सुलटा केला. "टकल्या आहे," ती बाकीच्या बायकांना म्हणाली आणि आपल्या भाषेत आणखी काहीतरी म्हणाली. त्यावर त्या खूप हसल्या, आणि त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही. मग तिने रुपया माझ्यासमोर सरकवला आणि चौथी राणी परत उचलली, जी तिने दोनदा वाजवली होती. कारागिराने कडी डाखायला घेतली. माळ भरल्यावर तिने ती गळ्यात घातली, पदर नीट केला आणि उठली. माझं भिंग तिने माझ्या मांडीवर ठेवलं. निरोप घ्यायची तिची रीत असेल की नसेल, ती मागे न बघता बाजारात गेली.

जसुबेनने रुपया तोलला. राजाच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, जुन्या कडीची गाठ आहे, मुगाच्या दाण्याएवढी. टकल्याला शेंडी फुटल्यासारखी दिसते.

"हे घासून देऊ का, बेन? कारागीर करतो. वर दाते पण कोरून देतो. शहरातल्याला कळणार नाय."

मी लगेच नाही म्हणाले नाही, हेही लिहून ठेवते. निहार, तुझ्या मंडळातले काका मला दिसत होते. त्यांच्या पुस्तकात कडी लागलेल्या नाण्याला "खराब झालेलं" म्हणतात आणि त्याची किंमत चांदीपुरतीच धरतात. मुलं पुन्हा हसतील का, असं वाटत होतं. कारागिराने कानस उचललीही होती. मग मी रुपया त्याच्या पुढ्यातून उचलून पाकिटात टाकला.

नाशिक, घरी

परतताना नंदुरबारला बस अर्धा तास थांबली होती. त्या थंडगार दुकानात जाऊन शेठना दोन शब्द सुनवावेत आणि पैसे परत मागावेत असं ठरवलं होतं. उतरलेही. काचेतून बघितलं तर ते एका जोडप्याला मखमलीवरचं काहीतरी दाखवत होते. मी माझा परत दिला असता तर तोही पाच मिनिटांत त्याच मखमलीवर बसला असता. म्हणून तो परत केला नाही. वितळवायला देणार आहे. चांदी तर खरी आहे.

पाकिटात एकच रुपया पाठवते आहे, शेंडीवाला. मंडळात नेलास तर काकांना वजन करू दे, चुंबक लावू दे, आणि खराब म्हणाले तर म्हणू दे. तू मात्र त्याच्या कडेवरून अंगठा फिरवून बघ. दाते जवळजवळ उरलेले नाहीत. शेजारचे रुपये त्याला लागून लागून ते गेले आहेत. ईरा, तो ओट्यावर टाकून वाजवायचा तुझा हक्क आहे, पण जमिनीवर नको.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती अक्कलकुव्याहून निघाल्यापासून डोक्यात आहे. गेल्या वर्षी तो लोखंडाचा रुपया निघाला तेव्हा निहारने मला विचारलं होतं, "आजी, पाठवायच्या आधी तू तपासला होतास ना?" मी म्हणाले होते, अर्थात, व्यवस्थित तपासला होता, टपालात कुणीतरी बदलला असेल. तू "असेल" म्हणालास. मला तेव्हाच कळलं होतं की तुला ते पटलेलं नाही.

मी तपासला नव्हता. प्रदर्शनातून आणला तो सरळ पाकिटात घातला. पाकीट मी स्वयंपाकघरात उभी राहून चिकटवलं, फ्रिजला टेकून, आणि त्या फ्रिजच्या दारावर सहा चुंबकं होती.

तुमची,
आजी